घरातील वाय-फायचा वेगवान पट्टा वारंवार का तुटतो?

हल्ली आपल्या धंद्याचा निम्मा कारभार घरातील एका छोट्या डब्यावर चालतो. ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, युपीआयने आलेले पैसे, परगावच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा माल, हे सर्व राउटर नावाच्या त्या डब्यातून जाते. दुकानात निदान मोबाईलचा आधार असतो. पण मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी अशा गावांत घर, गोदाम आणि कारखाना एकाच छताखाली असणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. त्यांचे सगळे काम घरातल्या वाय-फायवरच अवलंबून असते आणि तो वाय-फाय ऐन वेळी तुटतो.

तुटला तर काय बिघडते, असे कोणी म्हणेल. व्यापाऱ्याला विचारा. समोरचा गिऱ्हाईक साडीचा पदर पाहतो आहे, काठ पाहतो आहे आणि नेमके तिथेच चित्र गोठते. अर्ध्या मिनिटाने चित्र परत येते तोवर कॅमेरा पुढे गेलेला असतो. गिऱ्हाईक तोंडाने काही बोलत नाही, पण त्याच्या मनात येते की डाग असलेल्या जागीच कसा काय कॅमेरा थांबला? मालातील ऐब दाखवून माल विकावा ही आपल्या दीनची शिकवण आहे. ऐब नसताना ऐब लपविल्याचा संशय यावा, यासारखे नुकसान नाही. पैसा पुन्हा येतो, भरवसा लवकर येत नाही.

अशा वेळी बहुतेक लोक दोनच गोष्टी करतात. एक तर कंपनीला फोन करून जास्त वेगाची योजना घेतात, नाही तर बाजारात जाऊन तीन-चार अँटेनांचा नवीन राउटर आणतात. दोन्हींत पैसे जातात आणि पुष्कळदा दुखणे तसेच राहते. कारण दुखणे योजनेत नसते आणि डब्यातही नसते. राउटर ते आपला फोन या वीस-पंचवीस फुटांच्या दरम्यान ते असते. तिथे काय घडते हे एकदा समजले तर निम्म्याहून अधिक तक्रारी खर्चाविना मिटतात, म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नव्या राउटरवर पुष्कळदा दोन नावे दिसतात, एक साधे आणि एक '५जी' असे शेपूट लावलेले. याचा मोबाईलच्या ५जी सेवेशी काडीचाही संबंध नाही. मोबाईलची ५जी सेवा आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तिच्यातील 'जी' म्हणजे पिढी. राउटरवरील '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. साध्या नावाचा तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. "माझ्याकडे ५जी आहे, तरी तुटतो" असे सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांची तक्रार खरी असते, पण ते वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात.

आता हे दोन पट्टे काय आहेत ते पाहू. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा लहरीला 'मौज' आणि तिच्या लांबीला 'तूल-ए-मौज' म्हणत. पुढे मराठीत 'मौज' म्हणजे गंमत हे कळल्यावर आम्हालाच मौज वाटली. तर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची पाच ते सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंतीतून, दारातून, माणसांमधून त्यातल्या त्यात बरी निघून जाते. आखूड लहर वेग जास्त देते, परंतु अडथळ्यात लवकर विरते. मोकळ्या जागेतसुद्धा, बाकी सर्व सारखे असेल तर, तितक्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ च्या मानाने सुमारे एक पंचमांशच हाती लागतो. वर विटांच्या दोन भिंती आणि एक स्लॅब आला की उरलेलेही जाते.

मग ५ चा पट्टा घ्यायचाच कशाला? कारण २.४ च्या पट्ट्यात गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी, सर्वांचा मुक्काम तिथेच. त्यातील एकमेकांवर न येणारे चॅनेल मोजून तीन: १, ६ आणि ११. आमच्याकडे एका गल्लीत उभे राहून फोनवर पाहिले तर पंचवीस-तीस नावे दिसतात. तीन दारांतून तीस घरची माणसे आत-बाहेर करू लागली तर जे होईल तेच तिथे होते. ५ च्या पट्ट्यात दारे पुष्कळ आहेत. आपल्या सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातील एकंदर ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवान्याविना वापरण्यास खुली केली. तेव्हा ५ चा पट्टा चांगलाच आहे. फक्त तो एका खोलीचा, फार तर दोन खोल्यांचा आहे. त्याच्याकडून चार खोल्यांचे आणि वरच्या मजल्याचे काम घेतले तर तो तुटणारच.

डब्याला हात लावण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरविणे जरूर आहे. ही तपासणी अगदी सोपी आहे आणि तरीही शंभरातून पाच माणसे करीत नसतील. संगणकाला राउटरमधून लॅनची तार थेट जोडा आणि वाय-फाय बंद करून अर्धा-पाऊण तास नेहमीचे काम करा. तारेवरही नेट तुटत असेल तर वाय-फायचा काहीच गुन्हा नाही, दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा आहे. फायबरच्या डब्यावर 'लॉस' असे लिहिलेला लाल दिवा लागतो का ते पाहा. काचेची तार कुठे खिळ्यावर काटकोनात वाकवली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, दाराच्या फटीत दबते आहे का, हेही पाहून घ्या. अशा वेळी कंपनीला बोलवायचे आणि ठामपणे सांगायचे की तारेवरसुद्धा तुटते. हे एक वाक्य सांगितले की "राउटर बंद करून चालू करा" या उत्तरावर आपली बोळवण होत नाही.

तारेवर व्यवस्थित चालत असेल तर दुसरी पायरी. फोन घेऊन राउटरच्या सात-आठ फुटांवर, मध्ये भिंत नाही अशा जागी बसा, ५ च्या पट्ट्याला जोडा आणि कोणाला तरी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल लावा. इथे चांगले चालले आणि आतल्या खोलीत तुटले तर प्रश्न अंतराचा व भिंतींचा आहे. राउटरच्या पुढ्यात बसूनही तुटले तर प्रश्न चॅनेलचा, डब्याच्या मांडणीचा किंवा विजेच्या अडॅप्टरचा आहे. आणि घरातील चार फोनांपैकी एकाचाच तुटत असेल तर त्या फोनचेच दुखणे आहे. त्यात वाय-फायचे नाव पुसून पुन्हा जोडावे, फोनचे सॉफ्टवेअर ताजे करावे, बॅटरी वाचविण्याची सोय बंद करून पाहावी.

अंतराचा प्रश्न सर्वांत जास्त आढळतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. कंपनीचा माणूस येतो तेव्हा त्याला घाई असते. तार जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे दाराच्या चौकटीवर किंवा मीटरच्या पेटीशेजारी, तो डबा ठोकून जातो. निम्मा सिग्नल रस्त्याला आणि शेजाऱ्याला मिळतो. मग घरातील मंडळी दिसायला बरे दिसत नाही म्हणून डबा लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या मागे, नाही तर आरशाच्या कपाटात सरकवतात. लोखंड आणि आरशामागचा मुलामा या लहरींना परतवून लावतात. पाण्याची टाकी त्यांना पिऊन टाकते. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबमधून ५ चा पट्टा महामुश्किलीने जातो.

कापडाच्या गोदामाचे काय, असा सवाल आपल्यापैकी पुष्कळांचा असेल. चार-दोन सुक्या ताग्यांनी काही बिघडत नाही. परंतु छताला भिडलेली थप्पी म्हणजे एक जाड लाकडी भिंतच समजा, आणि पावसाळ्यात माल दमट झाला की ती भिंत आणखी जाड होते. जरीच्या किंवा चमकीच्या मालात धातूचा अंश असतो, तो जास्त अडवतो. म्हणून डबा मालाच्या थप्पीमागे न ठेवता तिच्या बाजूला, मोकळ्या जागी ठेवावा.

डब्याची उंची पाच-सहा फूट असावी आणि आजूबाजूला हात फिरेल एवढी मोकळी जागा असावी. अँटेना उभ्या ठेवाव्यात. उभ्या अँटेनातून लहर चोहोबाजूंना आडवी पसरते, वर आणि खाली फार कमी जाते. यावरून हेही समजेल की तळमजल्यावरच्या राउटरच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाला सर्वांत वाईट सिग्नल का मिळतो. आपल्या वस्त्यांत घरे अरुंद आणि उंच. खाली लूम, वर राहणे. तिथे एका डब्यात दोन्ही मजले भागविण्याचा हट्ट सोडलेला बरा.

इथे एक गोष्ट अनेकांना चकविते. फोनवर वाय-फायच्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी एक फोटोही जात नाही. याचे कारण असे की, रेघा फक्त राउटरचा आवाज आपल्या फोनला किती ऐकू येतो हे सांगतात. आपल्या फोनचा आवाज राउटरला ऐकू येतो की नाही हे त्या सांगत नाहीत. एखाद्या इज्तेमात भोंग्यावरून मौलाना साहेबांचे बयान शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ ऐकू येते, पण शेवटच्या ओळीतील माणसाने सवाल विचारला तर तो मंचापर्यंत पोहोचत नाही. राउटर विजेवर चालतो, फोन बॅटरीवर; त्यामुळे फोनचा आवाज नेहमीच दुबळा. म्हणून बाजारात "जास्त पॉवरचा" म्हणून जो राउटर विकतात तो घेऊन फारसा उपयोग होत नाही. भोंगा मोठा केला तरी सवाल विचारणाऱ्याचा गळा तेवढाच राहतो.

रेघांवर न जाता आकडा पाहावा. फोनसाठी वाय-फाय तपासण्याची फुकट अॅप्स मिळतात. ती सिग्नल उणे आकड्यात दाखवितात. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे गेला की तुटतुट सुरू होते आणि उणे ८० नंतर आशा सोडावी. आकडा दहाने खाली गेला म्हणजे सिग्नल एक दशांश उरला, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. कागदावर घराचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक खोलीत हा आकडा लिहावा. दहा मिनिटांत समजते की ५ चा पट्टा कुठपर्यंत आपला आणि कुठून पुढे परका.

आता राउटरच्या पुढ्यात बसूनही तुटतो त्यांच्याविषयी. यात एक कारण असे आहे की ते माहीत नसेल तर माणूस वेडा होईल. सर्व काही नीट चाललेले असते आणि एकाएकी ५ चे नावच यादीतून नाहीसे होते. २.४ चे नाव मात्र जागेवर असते. मिनिटा-दोन मिनिटांनी, कधी त्याहूनही उशिरा, ५ चे नाव परत येते. लोकांना वाटते राउटर खराब आहे. प्रत्यक्षात राउटर कायदा पाळत असतो.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मधला मोठा भाग, म्हणजे ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल, हवामान व इतर कामांच्या रडारांचाही आहे. तिथे रडारचा मान पहिला, आपला दुसरा. यासाठी राउटरमध्ये 'डीएफएस' नावाची व्यवस्था असते. असा चॅनेल सुरू करण्यापूर्वी राउटर साधारण एक मिनिट नुसते कान देऊन ऐकतो, काही चॅनेलवर आणखी जास्त वेळ. रडारची चाहूल लागली की त्याला दहा सेकंदांच्या आत तो चॅनेल सोडावा लागतो आणि पुढचा अर्धा तास तिथे फिरकता येत नाही. कधी कधी खरे रडार नसतानाही राउटरला भास होतो. मुंबईत वेरावली येथे हवामान खात्याचे सी-बँडचे रडार आहे आणि त्या जातीची रडारे याच पट्ट्यात बोलतात. विमानतळ, बंदर किंवा हवाई दलाचा तळ जवळ असलेल्या वस्त्यांनी ही शक्यता आधी तपासावी.

इलाज सोपा आहे. राउटरच्या आतील पानावर जाऊन (डब्याच्या पाठीमागे पत्ता व पासवर्ड छापलेला असतो, पुष्कळ डब्यांत तो १९२.१६८.१.१ असा असतो) ५ गिगाहर्ट्झच्या मांडणीत चॅनेल 'ऑटो' वर असेल तो काढून हाताने ३६, ४०, ४४, ४८ यांपैकी एक किंवा १४९, १५३, १५७, १६१ यांपैकी एक निवडावा. या दोन्ही गटांत रडारची अडचण नाही. शेजारचे राउटर कोणत्या गटात जास्त आहेत हे त्याच तपासणीच्या अॅपमध्ये दिसते. ज्या गटात गर्दी कमी तो आपला. 'ऑटो' हा शब्द ऐकायला हुशार वाटतो, पण चॅनेल बदलताना तो आपल्याला विचारत नाही आणि भर कॉलमध्ये बदलला की कॉल तुटतो.

दुसरी बाब चॅनेलच्या रुंदीची. आपण कापडवाले असल्याने ही पन्ह्याच्या हिशेबाने चटकन समजेल. २०, ४०, ८० आणि १६० मेगाहर्ट्झ असे चार पन्हे मिळतात. पन्हा जितका मोठा तितका एका वेळी माल जास्त जातो. कंपनी डबा देताना ८० वर, कधी १६० वर लावून देते, कारण वेग मोजण्याच्या चाचणीत आकडा मोठा दिसतो. पण मोठ्या पन्ह्यात एक तोटा आहे. राउटरची शक्ती तेवढीच असते, ती रुंद जागेत पातळ पसरते आणि गोंगाट मात्र जास्त जागेतून गोळा होतो. पन्हा दुप्पट केला की गोंगाटही दुप्पट. शिवाय रुंद पन्हा शेजाऱ्यांच्या चॅनेलवर जाऊन आदळतो, आणि १६० घेतला तर रडारवाले चॅनेल आपोआप आत येतात.

व्यापाऱ्याला लागते तरी किती? व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुष्कळ झाले. जीएसटीचे पान, बँकेचे पान, मालाचे फोटो यांनाही मोठा वेग लागत नाही, सलगपणा लागतो. म्हणून ज्यांचा नेट लांबच्या खोलीत तुटतो त्यांनी पन्हा ८० वरून ४० वर आणावा, गर्दीच्या इमारतीत २० वर आणला तरी हरकत नाही. वेग मोजण्याचा आकडा कमी दिसेल, पण कॉल टिकेल. आमच्या ओळखीच्या एका कारीगराच्या घरी एवढ्या एकाच बदलाने दुसऱ्या खोलीतील रोजची तुटतुट थांबली. त्याला त्याच आठवड्यात दुप्पट भाड्याची योजना घेण्याचा सल्ला मिळालेला होता. सल्ला देणाऱ्याचे नाव कशाला घ्या!

यानंतर दोन्ही पट्ट्यांच्या एका नावाविषयी. हल्लीचे बरेच राउटर २.४ आणि ५ दोघांना एकच नाव देतात व फोनला कुठे बसवायचे ते आपण ठरवू म्हणतात. मोकळ्या घरात हे चांगले चालते. आपल्या भिंतींच्या घरात मात्र फोन ५ च्या पट्ट्याला शेवटच्या श्वासापर्यंत चिकटून राहतो आणि मग एकदम २.४ वर उडी मारतो. त्या उडीत कॉल जातो. काही फोन तर वाय-फाय अशक्त वाटला की गुपचूप मोबाईलच्या डेटावर जातात. त्यामुळे बँकेच्या पानावर अर्धवट झालेला व्यवहार अडकू शकतो आणि पैसे कापले गेले की नाही हे विचारीत माणूस बसतो. म्हणून दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावे द्यावीत. राउटरच्या खोलीतील फोन, संगणक आणि टीव्ही यांना ५ चे नाव. आतील खोल्या, वरचा मजला आणि छपाईचे यंत्र यांना २.४ चे. आणि फोनमधील आपोआप डेटावर जाण्याची सोय बंद ठेवावी.

काही जण ५ चा पट्टा चांगला चालू लागला की २.४ चा बंदच करून टाकतात. तसे करू नये. पुष्कळ स्वस्त प्रिंटर, पाळतीचे कॅमेरे, विजेची स्मार्ट बटणे आणि जुने फोन फक्त २.४ च जाणतात. ५ चे नाव त्यांच्या यादीत कधी येतच नाही आणि माणूस पासवर्ड चुकला म्हणून तासभर झगडत राहतो.

आपल्या समाजात आणखी एक प्रकार आढळतो. सौदी, दुबई, कुवेतला असलेले भाऊ-भाचे सुटीवर येताना तिकडचा चांगला राउटर घेऊन येतात. वस्तू चांगली असते, पण ती त्या देशाच्या नियमांप्रमाणे मांडलेली असते. प्रत्येक देशात ५ च्या पट्ट्यातील चॅनेल आणि त्यांची शक्ती यांचे नियम वेगळे आहेत. राउटरने असा चॅनेल धरला की जो इथला फोन वापरत नाही, तर त्या फोनला ते नाव दिसतच नाही. घरातील एका फोनला दिसते, दुसऱ्याला नाही, असा तमाशा होतो. अशा डब्यात देश किंवा 'रीजन' ची जागा शोधून तिथे भारत निवडावे. ती सोय नसेल तर चॅनेल हाताने ३६ वर आणून पाहावे. आणि अॅडॅप्टरची पिन बदलण्यासाठी बाजारात दहा-वीस रुपयांचे ढिले जोड मिळतात, ते लावू नयेत. ढिला जोड म्हणजे दिवसातून दहा वेळा राउटर बंद-चालू.

अॅडॅप्टरवरून आठवले. राउटरचे अॅडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचे असते आणि ते दोन-तीन वर्षांत थकते. दिवे लागलेले दिसतात, पण जोराचे काम आले की राउटर मध्येच दम टाकतो. लूमच्या लाइनवर विजेचा चढउतार जास्त, त्यामुळे आपल्याकडे ही तक्रार अधिक. डब्याच्या मागे किती व्होल्ट व किती अॅम्पियर लिहिले आहे ते पाहून तेवढेच व्होल्ट आणि तेवढेच किंवा जास्त अॅम्पियर देणारे अॅडॅप्टर आणावे. व्होल्ट कमी-जास्त चालत नाहीत. वीज जाते तिथे राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा युपीएस मिळतो. तो घेतल्यास वीज गेल्याबरोबर नेट जात नाही. लूमच्या खोलीत राउटर ठेवू नये हे वेगळे सांगावयास नको. सुताचे उडणारे तंतू त्याच्या जाळीत बसतात, डबा तापतो आणि तापलेला डबा ५ चा पट्टा नीट सांभाळत नाही. महिन्यातून एकदा बंद करून कोरड्या कुंचल्याने जाळी साफ करावी.

एवढे करूनही वरच्या मजल्यावर किंवा मागच्या गोदामात नेट पोहोचत नसेल तर मग खर्च करावा, पण योग्य जागी. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त रिपीटर लोक आवडीने घेतात. साधा रिपीटर एकाच कानाने ऐकतो आणि त्याच तोंडाने बोलतो. प्रत्येक गोष्ट त्याला दोनदा सांगावी लागते, त्यामुळे वेग निम्मा होतो. शिवाय जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथेच लोक तो लावतात. मेलेला सिग्नल पुढे पाठवून काय मिळणार? त्यापेक्षा खालच्या डब्यापासून जिन्यातून वर एक लॅनची तार न्यावी. साधी कॅट-५ई ची तार १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग नेते आणि मीटरवर मोजून मिळते. तिच्या टोकाला दुसरा राउटर 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून लावावा. घरात जुना पडून असलेला दोन पट्ट्यांचा राउटर असेल तर तोही या कामाला चालतो. खालचा ३६ वर असेल तर वरचा १४९ वर ठेवावा, म्हणजे दोघे एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालणार नाहीत. तार ओढायला अर्धा दिवस जातो, भिंतीला दोन भोके पडतात, घरातील बायका थोड्या रागावतात. पण तारेला भिंत अडवीत नाही.

तार नेणे खरोखर अशक्य असेल, उदाहरणार्थ भाड्याचे घर असेल, तर 'मेश' नावाचे दोन-तीन डब्यांचे संच मिळतात. त्यांतील ज्या संचात डब्या-डब्यांतील बोलण्यासाठी वेगळा पट्टा राखलेला असतो तो घ्यावा. दुसरा डबा सिग्नल संपतो तिथे नव्हे, सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवावा. आकडा उणे ६५ च्या आत असेल ती जागा.

राउटरचे सॉफ्टवेअर ताजे करणे आणि पासवर्ड बदलणे हीदेखील कामे आहेत, ती वेगळी शिकवावी लागणार नाहीत. सुरक्षेच्या मांडणीत 'डब्ल्यूपीए३' एकटेच निवडलेले असेल तर जुने फोन जोडले जात नाहीत किंवा पुन्हा पुन्हा तुटतात. तिथे 'डब्ल्यूपीए२' व 'डब्ल्यूपीए३' दोन्हींची एकत्र सोय निवडावी. मांडणी बदलताना एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहून ठेवावा आणि एक पूर्ण दिवस पाहावा. चार बदल एकदम केले तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही, आणि उद्या कंपनीचा माणूस येऊन सर्व मांडणी पुसून गेला तर पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावे लागते. वहीत असेल तर पाच मिनिटांचे काम: चॅनेल ३६, पन्हा ४०, नावे दोन.